जखम भरते ती पेशी वेळेवर मेल्या तर

जखम भरण्यासाठी नव्या पेशी जितक्या लागतात, तितकेच जुन्या पेशींचे ठरल्या वेळी मरणेही लागते. कातडी फाटल्यावर काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, जंतू मारतात आणि थोड्याच दिवसांत स्वतःही मरतात. हे मरण शिस्तीचे असते. पेशी आकसते, तिचे पडद्यात बांधलेले तुकडे होतात आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. आतला दाहक ऐवज बाहेर सांडत नाही. केर, वायली आणि करी या संशोधकांनी १९७२ मध्ये या प्रक्रियेला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिले. तुकडे गिळल्यावर मॅक्रोफेजचाही रोख बदलतो: सूज ओसरते, दुरुस्ती सुरू होते.

या कामात सर्वांत मोठी लुडबुड हायड्रोजन पेरॉक्साइडची. ते ओतले की फेस येतो आणि घाण निघाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात रक्तातले व पेशींतले कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते, म्हणून फेस येतो. स्वच्छ जखमेवरही तो येणारच. रोज ओतल्यास कोलॅजन विणणाऱ्या फायब्रोब्लास्टही फुकट मरतात. चुना, टूथपेस्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले लेप यांची तर गोष्टच नको.

चप्पल लागून पायाला फोड आलेले एक मधुमेही गृहस्थ कित्येक दिवस पेरॉक्साइड ओतून वर हळद दाबत राहिले. ‘दुखत नाही, म्हणजे भरतेय,’ हे त्यांचे म्हणणे. दुखत नव्हते ते मज्जातंतू बधिर झाल्यामुळे; तळव्याची कड तोवर काळी पडली होती. मधुमेहात मेलेल्या पेशी उचलण्याची मॅक्रोफेजची ताकद घटते आणि जखम दाहाच्या टप्प्यातच अडकते.

पहिल्या दोन-तीन दिवसांतली कडेची हलकी लाली आणि पातळ पाणी यांना घाबरण्याचे कारण नाही. वाहते स्वच्छ पाणी, साधे ड्रेसिंग आणि गरजेनुसार धनुर्वाताचे इंजेक्शन एवढ्यावर बहुतेक लहान जखमा भरतात. शेवटी जखम आवळून धरणाऱ्या मायोफायब्रोब्लास्टही अशाच मरून जातात. त्या रेंगाळल्या तर व्रण जाड, उंच राहतो.

लाली पसरत जाणे, तिच्यातून वर लाल रेघ चढणे, दुर्गंधी, ताप, कातडी काळी पडणे, दोन आठवड्यांत जखम लहान न होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवावेत आणि तपासून घ्यावे. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मधुमेह असेल तर पायाची जखम, दुखो वा न दुखो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.