काटे आणि आकडे: कचेरीत आणि कड्यावर चालणारे घड्याळ

काटे आणि आकडे दोन्ही असलेल्या दणकट घड्याळाला दुकानात अ‍ॅना-डिजी म्हणतात. आठवडाभर कचेरी आणि शनिवार-रविवार सह्याद्री अशी ज्यांची विभागणी आहे, त्यांना हा प्रकार सोयीचा पडतो. काट्यांवरून अंधाराला किती वेळ उरला ते ओझरत्या नजरेतही कळते. तारीख, स्टॉपवॉच, टायमर आकड्यांच्या खिडकीत मावतात. यातले सर्वांत परिचित नाव कॅसिओच्या जी-शॉकचे. किकुओ इबे यांनी पडूनही न फुटणारे घड्याळ करायचा ध्यास घेतला आणि १९८३ मध्ये पहिले जी-शॉक आले. ते निव्वळ आकड्यांचे होते. काटे १९८९ मध्ये आले. इतिहास इतका पुरे.

धक्का सोसणे ही आता अनेक घड्याळांत गृहीत धरण्याजोगी गोष्ट आहे. खरा फरक जाडीचा. जी-शॉकचे जीए-११० हे लोकप्रिय मॉडेल १६.९ मिलिमीटर जाड, तर २०१९ मधले जीए-२१०० फक्त ११.८ मिलिमीटर आणि ५१ ग्रॅमचे. पाच मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण जाड घड्याळावर शर्टाचा कफ बसत नाही, सॅक चढवताना पट्टा अडकतो आणि कातळावर तळहात टेकून अंग वर उचलताना कडा मनगटात रुतते. रोज वापरायचे तर बारीकच घ्यावे.

दुसरी कसोटी वाचता येण्याची, आणि इथेच बहुतेक जण फसतात. काळ्या पार्श्वभूमीवर फिकट आकडे दुकानाच्या दिव्याखाली देखणे दिसतात. धुक्यात आणि संधिप्रकाशात ते जवळपास नाहीसे होतात. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरकडे उतरणाऱ्या एका गटाला याचा पुरता प्रत्यय आला. चढताना वाटेवरच्या तोलार खिंडीपासून गडावरच्या देवळापर्यंत अडीच तास लागले होते. उतरताना धुके इतके दाटले की दहा पावलांपलीकडचा माणूस दिसेना. अशा वेळी खुणा संपतात आणि वेळ हेच एक माप उरते: चढायला लागला तितका वेळ उतरूनही खिंड येत नसेल, तर वाट चुकली. फोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत होते, आणि बाहेर काढले तरी ओल्या स्क्रीनवर बोट चालेना. एकाच्या घड्याळातले काळ्या पार्श्वभूमीवरचे स्टॉपवॉच वाचता येईना. दुसऱ्याचे वाचता आले असते, पण साडेचारचा सुमार, खिडकी चार-पाचच्या आकड्यांपाशी, आणि तासकाटा नेमका तिच्यावर. तिसऱ्याच्या हातात पांढऱ्या तबकडीचे, जाड काट्यांचे साधे घड्याळ होते. निघाल्याची वेळ त्याच्या लक्षात होती. तीन तास उलटल्याचे त्यानेच सांगितले, गट मागे फिरला, आणि चुकलेला फाटा उजेड असतानाच सापडला.

म्हणून घेताना घड्याळ दुकानाबाहेर, सावलीत धरून पाहावे. काटे तबकडीच्या रंगात मिसळणारे नकोत. आकडे फिकट पार्श्वभूमीवर गडद असावेत. काही मॉडेलांत बटण दाबले की काटे खिडकीवरून बाजूला सरकतात. ही सोय असेलच तर ओल्या बोटांनी वापरून बघावी. दिव्याने काटे आणि आकडे दोन्ही उजळतात का, हेही तपासावे.

पाण्याबाबत मागच्या झाकणावरचे मीटर म्हणजे बुडी मारायची खोली नव्हे. तो प्रयोगशाळेतला स्थिर दाब असतो. ३० मीटरचे घड्याळ पावसाच्या शिंतोड्यांपुरते, ५० चे पोहण्यापुरते. धबधब्याखाली उभे राहणाऱ्यांनी १०० किंवा २०० चे घ्यावे, आणि पाण्यात बटणे दाबू नयेत.

उंची दाखवणारे घड्याळ हवेच्या दाबावरून हिशेब करते. सह्याद्रीच्या उंचीवर साधारण आठ-नऊ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. पण पावसाळी हवामान पालटले तरी दाब हलतो, त्यामुळे पायथ्याच्या गावाची उंची भरून न घेता दाखवलेला आकडा शोभेचा. तापमान बहुतांशी मनगटाचेच येते. रेडिओ लहरींवरून वेळ जुळवणाऱ्या महाग मॉडेलांना लागणारी प्रक्षेपण केंद्रे जपान, चीन, युरोप, अमेरिकेत आहेत. भारतात त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. महिन्याला पंधरा सेकंदांची चूक कुठल्याच ट्रेकला नडत नाही.

मनगटावर उपकरणांचा बाजार मांडून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वेफर्सची पाकिटे टाकणारे, आणि घड्याळ बांधणाऱ्याला कच्चा समजणारे ‘खरे ट्रेकर’, दोघेही तितकेच कंटाळवाणे. मात्र गुहेत मुक्काम असेल तर तासाला वाजणारी पिप बंद करण्याइतके सौजन्य दोघांनीही दाखवावे.

सेल नाक्यावर बदलून घेतला आणि झाकणाची रबरी रिंग नीट बसली नाही, तर २०० मीटरचे घड्याळही पहिल्या पावसात धुरकटते. सोलर मॉडेल घेतल्यास ही उघडझाक बरीच टळते. रेझिनचा पट्टा घाम आणि दमटपणाने काही वर्षांनी तडकतो, म्हणून ट्रेकनंतर तो साध्या पाण्याने धुवावा. खास मापाचा पट्टा असेल तर बदली पट्टा मिळतो का, हे घड्याळ घेण्याआधीच विचारावे.