निरोगी माणसातील रोगजंतू : विषमज्वराचे वाहक

अहवालाच्या या पानांवर दरवर्षी एखाद्या आजाराची माहिती देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय मात्र थोडा निराळा आहे, कारण ज्यांच्याविषयी लिहावयाचे ती माणसे आजारी नाहीत. त्यांना ताप नाही, पोटदुखी नाही, अन्न गोड लागते, झोप शांत लागते. तरीही त्यांच्या शौचावाटे विषमज्वराचे, म्हणजेच टायफॉइडचे, जंतू बाहेर पडत असतात आणि त्यांना स्वतःला याची गंधवार्ताही नसते. वैद्यकात अशा व्यक्तीस ‘वाहक’ म्हणतात. हा विषय निवडण्याचे एक कारण यंदा आपल्याच भटारखान्यात घडले. ते पुढे येईलच.

माणसाचे आतडे ही जंतूंची फार मोठी वसाहत आहे. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात, काही तर उपकारक. काहींचे वागणे जागेवर अवलंबून असते. ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे जंतू निरोगी माणसाच्या आतड्यात निमूटपणे नांदतात; तेच मूत्रमार्गात किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरले तर गंभीर दुखणे उभे करतात. विषमज्वराचा जंतू, साल्मोनेला टायफी, याची गोष्ट वेगळी आहे. माणसाखेरीज त्याला दुसरे घर नाही. गायीगुरांत, कोंबड्यांत तो राहत नाही. त्यामुळे विषमज्वराचा प्रत्येक रुग्ण हा शेवटी कोणा दुसऱ्या माणसाकडूनच आलेला असतो, मग मध्ये दूषित पाणी असो वा अन्न. तो दुसरा माणूस आजारी असेल तर शोधणे सोपे जाते. तो ठणठणीत असेल तर शोध तिथेच अडतो.

हा जंतू तोंडावाटे पोटात जातो, आतड्याच्या भिंतीतून रक्तात आणि रक्तातून यकृत व पित्ताशयात पोहोचतो. ताप उतरल्यावर बहुतेकांच्या शरीरातून तो काही आठवड्यांत नाहीसा होतो. परंतु शंभरातील साधारण दोन ते पाच जणांत तो वर्षाहून अधिक काळ, कधी आयुष्यभर, ठाण मांडून बसतो. स्त्रियांमध्ये, उतारवयात आणि विशेषतः ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत त्यांच्यात हे अधिक आढळते. खड्याच्या पृष्ठभागावर हे जंतू एकमेकांना चिकटून एक चिवट थर तयार करतात. त्या थरात औषध पुरेसे शिरत नाही. मग पित्ताबरोबर ते थोडे थोडे आतड्यात उतरत राहतात. ही उतरण रोज सारखी नसते, म्हणून शौचाची एकच तपासणी निर्दोष आली तर ती पुरेशी मानता येत नाही. आपल्याकडे सर्वांना परिचित असलेली ‘विडाल’ ही रक्ततपासणीही वाहक ओळखण्यास उपयोगी नाही. आणखी अडचण अशी की, आपल्याला कधी मुदतीचा ताप आला होता हे पुष्कळ वाहकांना आठवतही नाही.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे मेरी मॅलन. 1869 साली आयर्लंडमध्ये जन्मलेली ही बाई लहान वयात अमेरिकेस गेली आणि श्रीमंत घरांतून स्वयंपाकीण म्हणून नावाजली. 1906 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे येथे एका भाड्याच्या बंगल्यात राहावयास आलेल्या कुटुंबातील अकरा माणसांपैकी सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर या स्वच्छता-अभियंत्याने पाणी, दूध, संडास, सारे तपासले, दोष सापडेना. शेवटी त्याचे लक्ष आजाराच्या सुमारास तिथून निघून गेलेल्या स्वयंपाकिणीकडे गेले. तिने पूर्वी काम केलेली घरे तो शोधत गेला. आठ कुटुंबांचा माग लागला. त्यांपैकी सात घरांत विषमज्वर होऊन गेला होता. मेरी मात्र धडधाकट होती. तिला हे सारे किटाळ वाटले आणि तिने सोपरला हाकलून दिले. 1907 मध्ये तिला बळाने नेऊन नॉर्थ ब्रदर नावाच्या बेटावर एकांतात ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर 1910 मध्ये तिची सुटका झाली. 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिगृहात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, त्यांतील दोघे दगावले. तेथील भटारखान्यात ‘मिसेस ब्राउन’ या नावाने मेरीच काम करीत होती. तिला पुन्हा बेटावर नेले आणि 1938 साली ती तिथेच वारली. दोन्ही वेळा मिळून तिची सुमारे सव्वीस वर्षे बेटावर गेली. त्याच शहरात तोवर इतर शेकडो वाहक सापडले होते, पण त्यांना असे जन्मभर डांबले गेले नव्हते.

या कथेत रुग्णालय चालविणाऱ्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे असे आम्हास वाटते.

पहिली गोष्ट पदार्थाची. सोपरचा संशय मेरीच्या उकळत्या रश्श्यांवर नव्हता; तिच्या हातच्या, ताजे पीच चिरून घातलेल्या आइस्क्रीमवर होता. उष्णतेने हा जंतू मरतो. गरम भात-आमटीतून धोका जवळजवळ नसतो. तो असतो शिजवून झाल्यावर किंवा न शिजवता हात लागणाऱ्या पदार्थांत. आपल्याकडे म्हणाल तर कोशिंबीर, ओली चटणी, ताक, कापून ठेवलेली फळे. आपल्या नातेवाइकांसाठी घरून डबा आणणाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे की, पोळी-भाजी, वरण-भात अवश्य आणावा, पण कापलेली फळे आणू नयेत. सबंध फळ आणावे व खाटेशी, हात साबणाने धुऊन, कापावे. शौचानंतर नुसत्या पाण्याने हात ओले करणे म्हणजे हात धुणे नव्हे, हे सांगताना संकोच वाटतो. पण सांगणे भाग आहे. लहान मुलांसाठी आता विषमज्वराची चांगली लस उपलब्ध आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने 2018 मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. लस नव्या आजारापासून संरक्षण देते. वाहकाच्या पित्ताशयातील जंतू मात्र तिने जात नाहीत.

दुसरी गोष्ट माणसाची. सुटकेनंतर मेरीला धोबीकाम मिळवून दिले होते. त्यात स्वयंपाकाच्या मानाने पैसे फार कमी. ती खोट्या नावाने पुन्हा चुलीकडे का वळली, याचे निम्मे उत्तर तरी इथे आहे, असे आमचे मत आहे.

यंदा आपल्या परिचारिका वसतिगृहातील दोन विद्यार्थिनींना थोड्या दिवसांच्या अंतराने विषमज्वर झाला. दोघी पूर्ण बऱ्या झाल्या. पाण्याची तपासणी निर्दोष आली. तेव्हा भटारखान्यातील सर्वांच्या शौचाची कल्चर तपासणी तीनदा करण्यात आली. ती पूर्वीपासून नियमाने व्हावयास हवी होती, होत नव्हती. हे आमचे न्यून येथे नोंदविणे प्राप्त आहे. एका मावशींच्या तिसऱ्या तपासणीत जंतू सापडले. त्या दोन मुलींना त्यांच्यामुळेच आजार झाला असे सिद्ध झालेले नाही आणि तसे कोणी म्हणू नये.

मावशींच्या संमतीने, नाव न देता, हे लिहीत आहोत. त्यांना बोलावून सांगितले तेव्हा त्या प्रथम हसल्या आणि मग रागावल्या. “माझ्या हातचं जेवून माणसं बरी होऊन घरी गेली. मला कसला आलाय टायफॉइड?” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “म्हणजे उद्यापासून येऊ नको का?” खरा प्रश्न हाच होता. त्यांच्या एकट्या पगारावर घर चालते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

विश्वस्त मंडळाने त्याच आठवड्यात ठराव केला : मावशींना कपडे विभागात चादरी-गाउनांच्या शिवणकामावर घ्यावे, पगार व सेवाज्येष्ठता कायम ठेवावी आणि उपचाराचा खर्च रुग्णालयाने करावा. दोन विभागांच्या वेतनातील फरक कर्मचारी कल्याण निधीतून दिला जात आहे. हा निधी देणगीदारांच्या पैशावर उभा आहे, म्हणून त्याचा विनियोग त्यांना कळविणे आमचे कर्तव्य आहे. ‘स्वयंपाकिणीला बसवून पोसायचे काय?’ असा प्रश्न एका हितचिंतकांनी विचारला होता. आमचे उत्तर असे की, ज्या वाहकाला आपले नाव सांगितल्याने नोकरी गमवावी लागत नाही, तो वाहक आपले नाव लपवीत नाही. पुढच्या वर्षी ज्याची तपासणी व्हायची आहे, तो कर्मचारीही हे पाहत असतो.

सोनोग्राफीत मावशींच्या पित्ताशयात खडे दिसले. मेरीलाही पित्ताशय काढण्याविषयी सुचविले होते, पण त्या काळी ती शस्त्रक्रिया जोखमीची होती आणि तिने नकार दिला. आज ती दुर्बिणीद्वारे होते. केवळ औषधावर भागेल का, याचाही विचार झाला. परंतु एकेकाळी हमखास लागू पडणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आपल्याकडील बरेचसे जंतू आता दाद देत नाहीत, आणि खडे असताना औषधाचे यश तसेही कमी. पित्ताशय काढल्यानेही प्रत्येक वेळी सुटका होतेच असे नाही, कारण जंतू यकृतातील पित्तनलिकांत उरू शकतात. हे सारे मावशींना समजावून सांगितले. दोन दिवस विचार करून त्यांनी होकार दिला.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. त्यानंतर एकेका महिन्याच्या अंतराने तीन तपासण्या ठरल्या आहेत. हा अहवाल छपाईस जात असताना दोन निर्दोष आल्या आहेत. तिसरीचा नमुना काल प्रयोगशाळेत दिला. मावशी रोज सकाळी कपडे विभागात येतात. दुपारी भटारखान्याच्या दाराशी उभ्या राहून, उंबरा न ओलांडता, आमटीत मीठ किती पडले याची चौकशी करतात.