सोबत येईल त्यावरच खर्च

परवा फोनवर म्हणालास, "मामा, दुकानातला कॉम्प्युटर फार रडायला लागलाय. सरळ नवाच घेऊ का?" घे की, पैसे तुझे. पण तहसील कचेरीसमोर टायपिंग-झेरॉक्सच्या धंद्यात मी पंचवीस वर्षं हीच दुखणी काढली आहेत, तेव्हा आधी माझं थोडं ऐक.

'कॉम्प्युटर बिघडला' असं सहसा नसतं. आतली एक वस्तू बिघडते आणि बदनामी सगळ्या सीपीयूची होते. सकाळी चालू केल्यावर तारीख कुठल्यातरी जुन्या सालातली दिसते आणि बँकेची साइट उघडायला अडून बसते? मग मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. एवढ्याशा दुखण्यापायी एका भल्या माणसाला नवीन मशीन घ्यायला लावलेलं मी पाहिलंय.

पंखे फिरतात, आतून बीप-बीप ऐकू येतं, पण स्क्रीन काळीच? आधी रॅम बघ. पावसाळ्यात हे माझ्याकडे ठरलेलं असायचं. प्लग काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर पोरांचा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरव. भुगा तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते. मऊ ब्रशने झटक. परत बसवताना कडीचा 'टक्' आवाज आला पाहिजे. दहातल्या निम्म्या वेळा तरी काम इथेच व्हायचं.

चालता चालता बंद पडत असेल तर पंख्यातली धूळ काढ, आणि एसएमपीएसवर मल्टिमीटर लाव. मशीन चालू असताना पिवळ्या वायरीवर १२ आणि लाल वायरीवर ५ व्होल्ट हवेत. पाच टक्क्यांपलीकडे चढउतार दिसला तर तो बदल. बिननावाचा स्वस्तातला घेऊ नकोस. तो जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो.

मदरबोर्डवरच्या कॅपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, किंवा बोर्डच गेला, तर मात्र तिथे थांब. जुन्या प्रोसेसरला जुळणारा सेकंडहँड बोर्ड शोधत लॅमिंग्टन रोडवर हिंडू नकोस. मिळेल, पण किती दिवसांचा सोबती ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता अपग्रेडचं. माझा हिशोब एकच: जी वस्तू उद्या नवीन मशीनमध्ये सोबत येईल तिच्यावर खर्च कर, जी या डब्यातच राहणार तिच्यावर हात आखडता घे. तुझं मशीन २०१४चं, चौथ्या पिढीचं आय-थ्री. त्यात डीडीआर-३ रॅम लागते. आजच्या बोर्डात ती बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. एकदा हौसेने मी कोरी करकरीत रॅम जुन्या बोर्डात घातली. तीन महिन्यांत बोर्ड गेला आणि रॅम माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली. अजून आहे. ४ जीबीवर फारच अडत असेल तर वापरलेली पट्टी स्वस्तात बघ.

एसएसडीची गोष्ट वेगळी. फाइल उघडायला मिनिट लागतं आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते ना? त्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. साटा एसएसडी टाक. मशीन पळायला लागेल, आणि पुढे तीच काढून नव्यात लावता येईल. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस यांनाही हाच न्याय. हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली असेल तर मात्र आज, आत्ता डेटा उतरव. दुरुस्तीचं नंतर.

एवढं सगळं करूनही एक अडचण उरते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट नोंदवून घेतले तरी ते घरगुती मशीनला ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते. आडमार्गाने घालून देणारे भेटतील, पण लोकांचे पैसे भरायच्या मशीनवर मी तो खेळ करणार नाही. म्हणून माझं मत: एसएसडी आत्ता घे, फॉर्म आणि पैसे भरायला यंदाच नवं मशीन घे आणि एसएसडी त्यात हलव.

पण जुनं लगेच काढू नकोस. आपल्या जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचं डोंगल मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लागतं, आणि नव्या मशीनला तो पोर्ट नसतो. तुझ्या आजोबांच्या वेळेपासूनच्या लग्नपत्रिका त्याच फॉण्टात आहेत. जुनी हार्ड डिस्क परत लाव, इंटरनेटची वायर काढ आणि त्याला कोपऱ्यात पत्रिकांसाठी ठेव.

आणि शेवटी तो डबा ई-कचरावाल्याला देशील तेव्हा हार्ड डिस्क काढून घे. तिच्यात अर्ध्या तालुक्याचे आधार आणि सातबारे आहेत.