या आठवड्याचा शब्द : विरंगुळा

मुलांनो, आपल्या वर्गातली एक मुलगी रविवारी बाबांबरोबर न्यू वॉकवरच्या म्युझियममध्ये गेली. १९६८ साली रटलंडच्या खाणीत सापडलेला, सुमारे १५ मीटर लांबीचा सेटिओसॉरस डायनासोर तिथे आहे. ती त्याचे चित्र काढू लागली, बाबा बाकावर पुस्तक वाचत बसले.

"बाबा, तुला माझा कंटाळा आला?"

"कंटाळा नव्हे गं, विरंगुळा!"

शब्द न कळल्याने ती रुसलीच. शनिवारी तिने आम्हांला अर्थ विचारला. विरंगुळा म्हणजे शिणलेले मन रमवणारी गोष्ट. कंटाळा येतो, विरंगुळा मिळतो. (पालकहो, घरी आपण 'रिलॅक्स' म्हणून मोकळे होतो!)

गृहपाठ : बाबांचा विरंगुळा कोणता? मराठीत विचारा, पाच ओळी लिहून आणा.