चिल्लरटंचाई आणि दुकानदारांचे बिल्ले
(इयत्ता ५ वी ते ७ वी : इतिहास व गणित)

उद्देश : पैशाचे मोल केवळ धातूत नसून देणाऱ्यावरील विश्वासात असते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देणे.

शिक्षकांसाठी माहिती : दुसऱ्या महायुद्धात, विशेषतः १९४२-४३ साली, देशात चिल्लरीची मोठी टंचाई झाली. ब्रह्मदेश जपानच्या हाती जाताच कागदी नोटांवरील विश्वास डळमळला व लोक नाणी घरात दडवू लागले. गरजेहून अधिक नाणी साठविणे १९४० सालीच गुन्हा ठरले होते; तरी साठा थांबला नाही. तेव्हा दुकानदार मोड म्हणून पोस्टाची तिकिटे, सहीच्या चिठ्ठ्या वा बिल्ले देऊ लागले. जुनागढ, मोरवी यांसारख्या संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कूपने काढली. १९४३ साली सरकारने भोकाचा पैसा पाडला. जुना पैसा सुमारे ४.८६ ग्रॅमचा, तर हा सुमारे २ ग्रॅमचा होता.

गणित : रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. एका रुपयाच्या पैशांमागे किती धातू वाचला, ते मुलांकडून काढून घ्यावे. (उत्तर : सुमारे १८३ ग्रॅम.)

चर्चा : बिल्ला देणाऱ्याच्याच दुकानी चाले. दुकान बंद पडल्यास नुकसान कोणाचे? रोजंदारीवर जगणाऱ्यास एका आण्याची चिठ्ठी बुडणे कसे वाटले असेल?

संग्रह : नागपुरातील महाल व इतवारी या जुन्या वस्त्या. तेथील वाड्यांत, तसेच आपल्या गावच्या वाण्याच्या जुन्या पेटीतही, असा बिल्ला मिळण्याचा संभव आहे. विद्यार्थ्याने घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावे : हा कोणत्या दुकानाचा? किती किमतीचा? कोठे चाले? कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्यावा, खाली उत्तरे लिहावीत आणि वस्तू त्याच दिवशी मालकास परत करावी.

दक्षता : बिल्ला चिंचेने वा राखेने घासू नये, अक्षरे झिजतात. खानावळीचे व गिरणीचे बिल्लेही असेच दिसतात. म्हणून पुराव्यावाचून त्यास युद्धकालीन म्हणू नये.

समारोप : १९४३ साली जी मुले दहा वर्षांची होती, ती आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. बिल्ला पेटीत आणखी पन्नास वर्षे राहील. त्याची हकीकत सांगणारे मात्र राहणार नाहीत. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी वस्तूआधी हकीकत टिपून घ्यावी.