साइट बंद म्हणजे नेमकं काय बंद?

काका: अगं, पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन होता. आपल्या वर्कशॉपची साइट उघडत नाही म्हणे. इथे नागापूर एमआयडीसीतलं नेट गेलंय का?

पुतणी: इथलं नेट गेलं तर पुण्यात काय अडणार? साइट होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर आहे. मोबाइलच्या डेटावर उघडा आणि काय दिसतं ते शब्दशः वाचा.

काका: ‘सर्व्हरचा आयपी पत्ता सापडला नाही.’

पुतणी: म्हणजे आपली मागणी सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. साइटच्या नावावरून आयपी पत्ता काढून देतं ते डीएनएस. अडलंय तिथे. 4 ऑक्टोबर 2021ला फेसबुक, व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं ना? देखभालीच्या एका चुकीच्या कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांचं जाळं तुटलं आणि डीएनएसपर्यंतची वाटही गेली.

काका: दहावीच्या निकालाला साइट अडकते, तेही हेच?

पुतणी: ते वेगळं. 16 जुलै 2021ला निकालाच्या साइट तासन्‌तास उघडत नव्हत्या. एकदम लाखो जण आले की पत्ता सापडतो, पण सर्व्हरला उत्तर देणं झेपत नाही. तेव्हा बहुधा 503 किंवा 504 दिसतं.

काका: आणि 404?

पुतणी: सर्व्हर चालू आहे, फक्त ते पान तिथे नाही. 500 म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्राममध्ये बिघाड. आकडा कुठलाही असो, समोरून कुणीतरी उत्तर दिलंय. आपल्याला आकडाच आला नाही. मेल येतायत का?

काका: कालपासून एकही नाही. गिऱ्हाइकाची ऑर्डर परत गेली.

पुतणी: साइट आणि मेल एकदम गेले, म्हणजे संशय डोमेनवर, साइटच्या नोंदवलेल्या नावावर. डोमेनची नोंद दाखवणाऱ्या हूइजमध्ये नाव टाका, नोंदणीची मुदत दिसेल.

काका: परवाच संपलीय! पण आठवण कशी आली नाही?

पुतणी: डोमेन कुणाच्या मेलवर नोंदवलंय?

काका: साइट बनवणाऱ्या पोराच्या. तो केव्हाच सोडून गेला.

पुतणी: मग आठवणी त्याच्याकडे गेल्या. आज त्याला गाठा, पैसे भरून घ्या. काही तासांत सुरळीत होईल. डॉट कॉमचं नाव मुदतीनंतर रद्द झालं, तरी 30 दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं. पुढे ते कुणीही घेऊ शकतं.

काका: आणि मग नोंदणी आपल्या कंपनीच्या मेलवर करतो.

पुतणी: त्याच डोमेनवरच्या मेलवर नको. डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? तुमचा जीमेल द्या.