औदुंबर, श्वान आणि मदतीचा हिशेब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकिगत सांगितली आहे. ती यादी नीट पाहिली तर जवळजवळ निम्मे गुरू पशू, पक्षी नाहीतर कीटक आहेत. कबुतर, अजगर, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कोळी, कुंभारीण माशी. म्हणजे मुक्या जिवांकडून शिकावं ही शिकवण आपल्याकडे मुळातच आहे. त्याच वाटेने आज एका प्रश्नाचा विचार करू. एक जीव दुसऱ्या जिवाला मदत का करतो?

प्रश्न साधा वाटतो, पण टोचणारा आहे. शिकलेली नातवंडं म्हणतात, "आजोबा, दयाबिया काही नसते, ज्याला त्याला आपला फायदा हवा असतो." हे खरं मानलं तर आपलं अन्नदान, सेवा, सगळा नुसता व्यवहारच ठरतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरीची सगळी वर्षं बँकेत लेजर सांभाळलेली. म्हटलं, आरोप हिशेबाचा आहे तर हिशेबच तपासू. या विषयावर जमेल तसं वाचलं. शास्त्रज्ञांनी मांडलेली मदतीची तीन खाती मला समजली ती अशी.

पहिलं खातं घरचं

कामकरी मधमाशी डंख मारते आणि त्यातच मरते. तिला स्वतःची पिल्लं नसतात, पण पोळ्यातली राणी तिची आई आणि बाकीच्या बहिणी असतात. १९६४ साली हॅमिल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. रक्ताचं नातं जितकं जवळचं, तितकी मदतीची तयारी जास्त. आपल्या भाषेत, सख्ख्या भावात आपला वाटा रुपयात आठ आणे, चुलतभावात दोन आणे. जे. बी. एस. हाल्डेन हे मोठे शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात येऊन इथलेच झाले. ते गमतीने म्हणायचे असं सांगतात की, दोन सख्खे किंवा आठ चुलतभाऊ वाचणार असतील तर मी जीव देईन. आण्यांची बेरीज करून पाहा, दोन्हीकडे बरोबर रुपया होतो.

दुसरं खातं रोखीचं

याचं उदाहरण आपल्या देवळाच्या पारावरच उभं आहे. दत्तमहाराजांचं स्थान असलेला औदुंबर. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. फुलं असतात, पण फळाच्या आत. उंबर म्हणजे आतून फुलांनी भरलेली बंद थैलीच. तिच्या तोंडाशी बारीक छिद्र असतं. त्यातून गांधीलमाशीच्या कुळातली एक इवलीशी माशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढची पिढी तयार झाली की बिनपंखी नर फळाला भोक पाडतात आणि माद्या नवे पराग घेऊन उडून जातात. झाडाला बी मिळतं, माशीला घर. एकावाचून दुसऱ्याचा वंश चालत नाही.

लबाडीही आहेच. काही जातींच्या माश्या पराग न आणता बाहेरूनच लांब नळीने फळात अंडी घालतात. म्हणजे कर्जबुडवे तिथेही आहेत! उंबराच्या कुळातल्या काही झाडांत पराग न मिळालेली फळं झाड वेळेआधीच गाळून टाकतं. आमच्या भाषेत ही वसुली.

तिसरं खातं उधारीचं

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्त पिऊन जगणारी वटवाघळं आहेत. दोन-तीन रात्री उपास घडला की ती मरतात. विल्किन्सन या शास्त्रज्ञाने कोस्टारिकात त्यांचा अभ्यास करून १९८४ साली प्रसिद्ध केला. पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त काढून देतं. नात्यातल्याला देतंच, पण नेहमी शेजारी लटकणाऱ्या परक्यालाही देतं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की कोण कोणाला देणार हे ठरताना नात्यापेक्षा पूर्वी मिळालेली मदत जास्त मोजली जाते. थोडक्यात, पत सांभाळली तर उधार मिळतं.

न बसणारी नोंद

इथवर नातवंडांचंच खरं वाटेल. पण एक नोंद मला या तिन्ही खात्यांत बसवता आली नाही.

१९१४ साली जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे दगडाच्या खाणीत एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि सोबत कुत्रा. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. २०१८ साली त्या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर हा जीवघेणा रोग झालेला होता. तरी ते काही आठवडे जगलं. कोणीतरी ऊब, पाणी, खाणं दिल्याशिवाय ते शक्य नव्हतं, असं अभ्यासक म्हणतात. आजारी पिल्लू शिकार करत नाही, राखण करत नाही. फेड होण्याची आशा नसताना त्या माणसांनी ते सांभाळलं आणि आपल्यासोबत पुरलं.

दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान आहेत. ते चार वेद, असा अर्थ आपण ऐकत आलो. मला त्यात ते पिल्लूही दिसतं. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच ते द्रव्य.

म्हणून नातवंडांना माझं उत्तर असं. मदतीची सवय कशी जन्माला आली, हा एक प्रश्न. मदत करणाऱ्याच्या मनात काय असतं, हा दुसरा. कर्ज का मंजूर झालं ते फायलीत सापडतं. त्या पैशातून बांधलेल्या घरात कोण किती मायेने राहतं, ते फायलीत लिहिलेलं नसतं. आईची माया निसर्गातून आली म्हणून ती खोटी ठरते का?

हा प्रश्न आपल्या वयात पुस्तकी राहत नाही. मागे आमच्या सौभाग्यवतींचं खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या वहिनी पंचवीस दिवस दोन वेळचा डबा आणत होत्या. मी बँकवाला, मनात नोंदी चालू! एकदा म्हणालो, "वहिनी, हे कसं फेडायचं?" त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या बाळंतपणात जिने केलं, तिलाही मी काही दिलं नाही. ती आता नाही." डबा ठेवून निघून गेल्या.

तेव्हा उमगलं, माणसाच्या मदतीत जमा एका खिडकीवर होते आणि नावे दुसऱ्याच खिडकीवर पडते. ताळेबंद जुळतो, पण एका माणसाच्या आयुष्यात जुळेलच असं नाही. हात थकल्यावर आपण घेणारे होतो. त्यात लाज नाही. आपल्या हाताने कधीतरी पुढे गेलेलंच कुठून तरी फिरून येतं.

शेवटी आचरणाच्या चार गोष्टी. गोग्रास द्याल तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकू नका, पिशवी गायीच्या पोटात अडकते. श्वानांना पेढे, चॉकलेट नको, भाकरी द्या आणि रस्त्याच्या मधोमध नको, कडेला द्या. ज्यांना रोज घालता, त्यांना रेबीजची लस आणि नसबंदी होईल एवढं पाहा, म्हणजे शेजारची लेकरंही सुरक्षित राहतील. आणि औदुंबराला प्रदक्षिणा घालताना खाली पडलेलं उंबर पायाखाली येऊ देऊ नका. आत कोणाचं तरी घर असतं.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!